राज्यक्रांत्यांच्या पेपरची उजळणी : कारणांच्या याद्यांपेक्षा वळणे महत्त्वाची

इतिहासाच्या पेपरात अमेरिकन, फ्रेंच आणि रशियन राज्यक्रांती हा घटक असला, की बहुतेक वह्यांत त्याची मांडणी एकाच साच्यातून निघालेली दिसते : राजकीय कारणे, सामाजिक कारणे, आर्थिक कारणे, विचारवंतांचे कार्य, घटनाक्रम आणि परिणाम. पहिल्या वाचनासाठी ही मांडणी सोयीची आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र उजळणीच्या वेळीही तीच घोकली, तर परीक्षेत दोन ठिकाणी घोडे अडते. तिन्ही क्रांत्यांची कारणे एकमेकांत मिसळतात, कारण जुलमी राजवट, करांचा बोजा आणि विचारवंतांची प्रेरणा हे शब्द कोणत्याही क्रांतीला चिकटवता येतात. शिवाय प्रश्न जरा तिरका आला, उदाहरणार्थ ‘फ्रान्समध्ये क्रांती १७८९ मध्येच का झाली?’ असा, तर त्या यादीतून उत्तर निघत नाही. सरदारांचे विशेषाधिकार, मिठावरचा कर आणि राजाची अनियंत्रित सत्ता या गोष्टी फ्रान्समध्ये १६८९ सालीही होत्या. तेव्हा क्रांती झाली नाही.

म्हणून उजळणी कारणांच्या यादीभोवती न करता वळणांभोवती करावी. घटना वेगळ्या दिशेने जाऊ शकल्या असत्या, पण गेल्या नाहीत, असा जो दिवस किंवा आठवडा असतो, त्याला येथे वळण म्हटले आहे. अशा प्रत्येक ठिकाणी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत : त्या वेळी कोणापुढे कोणते पर्याय होते, त्यांपैकी कोणता निवडला गेला आणि का, आणि त्या निवडीमुळे पुढचा कोणता मार्ग बंद झाला. या तीन प्रश्नांची उत्तरे देताना कारणे, व्यक्ती, तारखा आणि परिणाम आपोआप एका दोऱ्यात येतात, त्यामुळे ते वेगवेगळे पाठ करण्याचे कष्ट पुष्कळ कमी होतात. पुढील विवेचन बी.ए.चे विद्यार्थी आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिणारे उमेदवार, अशा दोघांना डोळ्यांपुढे ठेवून केले आहे.

वळणांची निवड

वळणांची यादी कोणाकडून आयती घेऊ नये. ती करण्यातच निम्मी उजळणी होते. एका क्रांतीसाठी एक कोरा कागद आडवा धरावा, पुस्तक मिटावे आणि आठवतील ती वळणे कालक्रमाने, प्रत्येकाला एक ओळ याप्रमाणे लिहून काढावीत. त्यानंतर पुस्तक उघडून निसटलेल्या जागा वेगळ्या शाईने भराव्यात. दोन दिवसांनी नवा कागद घेऊन हेच पुन्हा करावे. त्याच पानांवरून हायलायटर फिरवत चौथे वाचन करण्यापेक्षा हे काम जड जाते, परंतु आपल्याला काय येत नाही हे त्यातूनच कळते. वाचताना सगळेच येत असल्यासारखे वाटते.

फ्रान्ससाठी नऊ-दहा वळणे पुरेशी आहेत. ऑगस्ट १७८८ मधील इस्टेट्स जनरल (तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभा) बोलावण्याची घोषणा, जून १७८९ मधील राष्ट्रीय सभेची स्थापना, १४ जुलै, ४ ऑगस्टची रात्र, ५ व ६ ऑक्टोबरचा व्हर्सायवरील मोर्चा, जून १७९१ मधील राजाचे पलायन, १० ऑगस्ट १७९२, जून १७९३ मधील जिराँदिस्त या तुलनेने मवाळ गटाची हकालपट्टी, जुलै १७९४ मधील रोबेस्पियरचा पाडाव आणि नोव्हेंबर १७९९ मधील नेपोलियनचा सत्ताग्रहण-डाव, एवढी हाताशी असली की भागते. अमेरिकेसाठी सहा वळणे पुरतात : १७६३ चा तह, १७६५ चा मुद्रांक कायदा, डिसेंबर १७७३ मधील बोस्टनचा चहा, एप्रिल १७७५ ते जुलै १७७६ हा काळ, फेब्रुवारी १७७८ चा फ्रान्सशी करार आणि १७८७ ची राज्यघटना. रशियाच्या बाबतीत १९०५ चे एक वळण सोडले, तर बाकीची जवळजवळ सगळी १९१७ च्या एकाच वर्षात दाटीवाटीने बसलेली आहेत, आणि रशियाचा घटक विद्यार्थ्यांना अवघड जातो त्याचे हेच मुख्य कारण आहे.

एक वळण जवळून : १७८६ ते जून १७८९

पद्धत कशी वापरायची हे एका उदाहरणावरून पाहू. ऑगस्ट १७८६ मध्ये फ्रान्सचा अर्थमंत्री कालोन याने सोळाव्या लुईसमोर स्पष्ट केले, की खजिना दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडविरुद्ध उतरण्यासाठी फ्रान्सने काढलेले कर्ज हा त्यातला मोठा भाग होता, आणि १७८८ पर्यंत सरकारी खर्चाचा निम्म्याच्या आसपास हिस्सा कर्जफेडीत व व्याजात जाऊ लागला. कालोनने सुचवलेला उपाय साधा होता : जमीन ज्याची असेल त्याने कर द्यावा, मग तो सरदार असो वा धर्मगुरू. हा उपाय मान्य करून घेण्यासाठी फेब्रुवारी १७८७ मध्ये मान्यवरांची सभा बोलावण्यात आली. तिने तो मान्य केला नाही आणि कालोनचे पद गेले. त्याच्या जागी आलेल्या ब्रिएनने जवळपास तेच प्रस्ताव पॅरिसच्या पार्लमाँपुढे नेले. हे पार्लमाँ इंग्लंडसारखे कायदेमंडळ नसून राजाज्ञांची नोंदणी करणारे उच्च न्यायालय होते, हे येथे समासात लिहून ठेवावे, कारण उत्तरपत्रिकांत हा घोटाळा नेहमी होतो. पार्लमाँने उत्तर दिले, की नवा कायम कर बसवण्याचा अधिकार फक्त इस्टेट्स जनरलला आहे. ही सभा १६१४ नंतर भरलीच नव्हती. ऑगस्ट १७८८ मध्ये राजाला ती बोलावण्याची घोषणा करावी लागली आणि त्याच महिन्यात खजिन्याने काही देणी थांबवली.

येथवर तीन प्रश्न लावून पाहावेत. राजापुढे पर्याय होते : सर्वांवर कर बसवणे, दिवाळखोरी जाहीर करणे किंवा इस्टेट्स जनरल बोलावणे. पहिला पर्याय विशेषाधिकार असलेल्यांनी अडवला, दुसरा राज्याची पत बुडवणारा होता, म्हणून तिसरा घ्यावा लागला. आणि एकदा ती सभा बोलावल्यावर करांचा प्रश्न मंत्र्याच्या दालनात सोडवण्याची वाट कायमची बंद झाली. येथे एक गोष्ट ठळकपणे दिसते, जी कारणांच्या यादीत कधीच दिसत नाही : राजसत्तेला पहिला धक्का सामान्य जनतेने दिला नाही, तर सरदारांनी व न्यायाधीशांनी दिला. हे वाक्य उत्तरात योग्य जागी आले, तर परीक्षकाला उमेदवाराची समज लगेच दिसते.

पुढचा भाग मतदानाच्या पद्धतीचा आहे. धर्मगुरू, सरदार आणि उरलेले सर्व, अशा तीन वर्गांनी स्वतंत्र बसून प्रत्येकी एक मत द्यायचे, की सर्व प्रतिनिधींनी एकत्र बसून माणशी एक मत द्यायचे? सप्टेंबर १७८८ मध्ये पार्लमाँने १६१४ चीच पद्धत पाळावी असा निर्णय दिला आणि एका आठवड्यात आपली लोकप्रियता गमावली. डिसेंबरमध्ये राजाने तिसऱ्या वर्गाच्या प्रतिनिधींची संख्या दुप्पट केली, पण मतदान कसे होणार याविषयी मौन बाळगले. संख्या दुप्पट करून मत एकच ठेवले तर त्या वाढीला काही अर्थ उरत नाही, आणि हे लोकांना समजत होते. ५ मे १७८९ रोजी व्हर्सायला सभा उघडली ती याच प्रश्नावर सहा आठवडे अडून राहिली. १७ जूनला तिसऱ्या वर्गाने स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणून घोषित केले, २० जूनला सभागृहाचे दार बंद आढळल्यावर जवळच्या टेनिस कोर्टात शपथ घेतली, आणि २७ जूनला राजाने उरलेल्या दोन वर्गांना त्यांच्यात सामील होण्याचा आदेश दिला. १७, २० आणि २७ या तीन तारखांमध्ये सार्वभौमत्व राजाकडून राष्ट्राकडे सरकले. रक्त सांडण्यापूर्वीच ही गोष्ट घडली होती. १४ जुलैने ती टिकवली. ११ जुलैला लोकप्रिय अर्थमंत्री नेकरला काढल्याची बातमी आणि पॅरिसभोवती जमवलेले सैन्य पाहून लोकांनी बंदुका मिळवल्या आणि दारूगोळ्यासाठी बॅस्टिल या तुरुंग असलेल्या किल्ल्याकडे मोर्चा वळवला. त्या दिवशी तेथे फक्त सात कैदी होते, त्यामुळे ‘शेकडो राजकीय कैद्यांची मुक्तता’ असे लिहू नये.

या सगळ्यात पाऊस आणि पाव कोठे बसतात, तेही पाहावे. १३ जुलै १७८८ च्या भीषण गारपिटीने उत्तर फ्रान्समधील उभी पिके झोडपली, पीक बुडाले आणि पावाचा भाव वर्षभर चढत जाऊन जुलै १७८९ मध्ये शिखराला पोहोचला. कर्जाचा पेच, मतदानाचा पेच आणि महागाई या तिन्ही गोष्टी एकाच उन्हाळ्यात एकत्र आल्या. ‘१७८९ मध्येच का?’ या प्रश्नाचे उत्तर हे आहे, आणि ते दीडशे शब्दांत आरामात बसते.

विचारवंतांना त्यांची जागा द्यावी

विचारवंतांचा परिच्छेद हा उत्तरपत्रिकांतला सर्वांत मोघम भाग असतो, असे स्पष्ट म्हणावेसे वाटते. माँतेस्क्यू १७५५ मध्ये वारला, व्हॉल्तेर आणि रूसो दोघेही १७७८ मध्ये. त्यांच्यापैकी कोणीही क्रांती पाहिली नाही किंवा तिची हाक दिली नाही. त्यांचा प्रभाव दाखवायचा असेल तर तो २६ ऑगस्ट १७८९ च्या मानवी व नागरी हक्कांच्या जाहीरनाम्यात दाखवावा. कलम ३ म्हणते की सार्वभौमत्वाचे मूळ राष्ट्रात आहे. कलम ६ कायद्याला सामूहिक इच्छेचा आविष्कार मानते, आणि येथे रूसो उघड दिसतो. कलम १६ सांगते की ज्या समाजात हक्कांची हमी आणि सत्ताविभाजन नाही त्याला राज्यघटनाच नाही, आणि येथे माँतेस्क्यू दिसतो. ‘विचारवंतांनी जनजागृती केली’ या मोघम वाक्यापेक्षा तीन कलमांचे उल्लेख कधीही वजनदार ठरतात.

त्याच जाहीरनाम्याची मर्यादाही लगेच जोडावी. १७९१ च्या राज्यघटनेने मताचा हक्क २५ वर्षांवरील आणि किमान तीन दिवसांच्या मजुरीइतका थेट कर भरणाऱ्या पुरुषांनाच दिला. १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिणाऱ्या ओलँप द गूज हिला नोव्हेंबर १७९३ मध्ये गिलोटिनवर चढवण्यात आले, आणि त्याच्या काही दिवस आधी स्त्रियांच्या राजकीय मंडळांवर बंदी आली होती.

वादाचे प्रश्न

‘दहशतीचे राज्य ही क्रांतीची अपरिहार्य परिणती होती का?’ या धर्तीचे प्रश्न पाठांतराने सुटत नाहीत. (दहशतीचे राज्य म्हणजे १७९३-९४ मधला, रोबेस्पियरच्या गटाच्या वर्चस्वाखालील शिरच्छेदांचा काळ.) त्यांच्यासाठी एकाच पानावर दोन्ही बाजूंचे पुरावे लिहून ठेवावेत. परिस्थितीने भाग पाडले, या बाजूला १७९२ च्या एप्रिलपासूनचे ऑस्ट्रियाशी युद्ध, मार्च १७९३ मधील पश्चिम फ्रान्समधल्या वाँदे प्रांताचे बंड, कागदी चलनाची घसरण आणि धान्यटंचाई हे मुद्दे येतात. दुसऱ्या बाजूला एक तारीख फार उपयोगाची आहे. आरोपीचा बचावाचा हक्क जवळजवळ काढून घेणारा कायदा १० जून १७९४ ला झाला. २६ जूनला फ्ल्यूरसच्या लढाईत फ्रेंच सैन्याने निर्णायक विजय मिळवला. तरीही जुलैच्या अखेरीपर्यंत पॅरिसमधील शिरच्छेद वाढतच गेले. सीमेवरचे संकट ओसरत असताना दहशत तीव्र होत होती, तेव्हा केवळ युद्धाने तिचे स्पष्टीकरण देता येत नाही. क्रांतिकारी न्यायालयांनी दिलेल्या मृत्युदंडांची संख्या सुमारे १७,००० मानली जाते. तुरुंगात मेलेले आणि खटल्याविना मारले गेलेले यांत धरलेले नाहीत, एवढी पुस्ती जोडावी.

राजाच्या पलायनाचे वळण मात्र विद्यार्थी घाईने ओलांडतात, आणि ते योग्य नाही. जून १७९१ पर्यंत घटनात्मक राजेशाही हा खराखुरा पर्याय होता. २० जूनच्या रात्री लुई कुटुंबासह वेषांतर करून निघाला, वारेन येथे पकडला गेला, आणि आपण क्रांतीला मनापासून मान्यता दिलेली नाही असे सांगणारी लेखी कैफियत मागे ठेवून गेला होता. त्यानंतर त्याच्या सहीवर कोणी विश्वास ठेवावा? १० ऑगस्ट १७९२ ला त्विलरी राजवाड्यावर झालेला हल्ला, सप्टेंबरमधील प्रजासत्ताक आणि २१ जानेवारी १७९३ चा शिरच्छेद यांची सुरुवात तेथे आहे.

रशियाचे आठ महिने

रशियाच्या तारखांचा घोळ आधी मिटवावा. तेथे जुनी ज्यूलियन दिनदर्शिका होती आणि विसाव्या शतकात ती तेरा दिवस मागे होती; म्हणून फेब्रुवारी क्रांती नव्या गणनेने मार्चमध्ये आणि ऑक्टोबर क्रांती ७ नोव्हेंबरला येते. ३१ जानेवारी १९१८ च्या दुसऱ्या दिवशी रशियात १४ फेब्रुवारी उजाडला. उत्तरपत्रिकेत कोणतीही एक गणना पाळावी आणि पहिल्याच तारखेला दुसरी कंसात द्यावी. मधेच बदलू नये. क्रांतीच्या वेळच्या राजधानीचे नावही सांभाळावे, कारण १९१४ ते १९२४ या काळात त्या शहराचे नाव पेट्रोग्राड होते आणि लेनिनग्राड हे नाव लेनिनच्या मृत्यूनंतरचे आहे.

त्यानंतर १९१७ ची उजळणी एकाच प्रश्नाभोवती करावी : फेब्रुवारीत लेनिनच्या ज्या बोल्शेव्हिक पक्षाच्या हातात जवळजवळ काहीच नव्हते, त्याच्या हातात ऑक्टोबरमध्ये सत्ता कशी आली? २३ फेब्रुवारीला (८ मार्च), आंतरराष्ट्रीय महिला दिनी, पेट्रोग्राडमधील कापडगिरण्यांतल्या कामगार स्त्रिया पावासाठी रस्त्यावर आल्या. चार दिवसांनी शहरातील शिबंदी बंडात सामील झाली आणि २ मार्चला झारने सिंहासन सोडले. तेव्हापासून राजधानीत दोन सत्ता नांदू लागल्या. हंगामी सरकारकडे जबाबदारी होती, तर सोव्हिएटकडे, म्हणजे सैनिक व कामगारांच्या प्रतिनिधींच्या परिषदेकडे, त्यांची निष्ठा. सोव्हिएटच्या हुकूम क्रमांक १ ने सैनिकांना सांगितले, की ड्यूमाच्या (रशियन संसदेच्या) लष्करी आयोगाचे आदेश सोव्हिएटच्या आदेशांशी विसंगत नसतील तरच पाळावेत. एप्रिलमध्ये परतलेल्या लेनिनने युद्ध थांबवण्याची, जमीन ताब्यात घेण्याची आणि सर्व सत्ता सोव्हिएटना देण्याची मागणी केली. हंगामी सरकारने जमिनीचा प्रश्न संविधान सभेवर ढकलला, संविधान सभेच्या निवडणुका लांबवल्या आणि जूनमध्ये आघाडीवर नवे आक्रमण सुरू केले, जे फसले. जुलैतील उठावानंतर बोल्शेव्हिकांची पीछेहाट झाली आणि लेनिनला भूमिगत व्हावे लागले. येथे त्यांचा पक्ष संपूही शकला असता. ऑगस्टअखेर सेनापती कॉर्निलॉव्हने राजधानीकडे सैन्य वळवले, तेव्हा हंगामी सरकारचा प्रमुख केरेन्स्की याला बचावासाठी सोव्हिएटचा आधार घ्यावा लागला, कामगारांच्या हाती शस्त्रे आली आणि पुढच्या काही आठवड्यांत पेट्रोग्राड व मॉस्कोच्या सोव्हिएटांत बोल्शेव्हिकांचे बहुमत झाले. २५ ऑक्टोबर हा या साखळीचा शेवटचा दुवा आहे.

उत्तर तेथेच थांबवू नये. नोव्हेंबरमधील संविधान सभेच्या निवडणुकीत सर्वाधिक जागा समाजवादी क्रांतिकारकांना मिळाल्या, बोल्शेव्हिकांना सुमारे एक चतुर्थांश मते. जानेवारी १९१८ मध्ये ती सभा एका बैठकीनंतर विसर्जित करण्यात आली. ‘ऑक्टोबर क्रांती जनतेची होती की एका पक्षाची?’ या प्रश्नाला हे आकडे आणि बोल्शेव्हिकांच्या, जमीन शेतकऱ्यांना देणाऱ्या हुकुमाला मिळालेला खेड्यांचा पाठिंबा, असे दोन्ही समोरासमोर ठेवून उत्तर द्यावे.

तुलना करताना

तुलनेच्या प्रश्नात आधी एका क्रांतीची माहिती आणि नंतर दुसरीची माहिती, अशी दोन निबंधांची जोडी लिहिण्याची सवय असते. त्याऐवजी निकष धरून लिहावे आणि प्रत्येक परिच्छेदात दोन्ही देश यावेत. चांगला निकष तो, ज्यावर फरक दिसतो. उदाहरणार्थ गुलामगिरी : अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेने प्रतिनिधित्व ठरवताना गुलामांना तीन पंचमांश धरण्याची तडजोड केली, फ्रान्सने, सेंट डोमिंग या कॅरिबियन वसाहतीतील १७९१ पासूनच्या उठावाच्या दबावाखाली, फेब्रुवारी १७९४ मध्ये वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली, नेपोलियनने १८०२ मध्ये ती परत आणली, आणि त्या वसाहतीतील माणसांनी १ जानेवारी १८०४ रोजी हैती हे स्वतंत्र राष्ट्र उभे केले. हैतीचे हे चार ओळींचे उदाहरण फार थोडे उमेदवार देतात. जमिनीचा निकषही असाच उपयुक्त आहे. ४ ऑगस्टच्या रात्री सरंजामी हक्क रद्द झाल्याचे सर्वच लिहितात, पण त्यांपैकी अनेक देण्यांची भरपाई शेतकऱ्याने करायची होती आणि ती अट जुलै १७९३ मध्ये गेली, हे फार थोडे लिहितात.

भारताशी संबंध जोडायचा मोह सांभाळून वापरावा. संबंध खरा असेल तर एक ओळ पुरते. बोस्टनच्या बंदरात टाकलेला चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला अमेरिकन व फ्रेंच सैन्याला शरण आलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर-जनरल होऊन भारतात आला आणि टिपूविरुद्धच्या युद्धात मराठे व निजाम यांना सोबत घेऊन लढला. महात्मा फुले यांच्यावर टॉमस पेनच्या मानवी हक्कांवरील ग्रंथाचा प्रभाव होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या सत्याग्रह परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. पुढे १९५४ मध्ये आकाशवाणीवरील भाषणात मात्र, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतली असे सांगितले. भारतीय राज्यघटनेवरील परिणामाबद्दल लिहिताना या दोन्ही गोष्टींची जाणीव ठेवावी, म्हणजे ‘आपण ही तत्त्वे फ्रान्सकडून घेतली’ असे सरधोपट विधान होणार नाही.

प्रत्यक्ष उत्तर लिहिताना

लोकसेवा आयोगाच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरात तीन तासांत २५० गुणांचे लेखन करायचे असते. हिशेब केला तर १५ गुणांच्या, २५० शब्दांच्या उत्तराला जेमतेम अकरा मिनिटे आणि १० गुणांच्या उत्तराला सात मिनिटे मिळतात. २०१९ मध्ये या पेपरात अमेरिकन आणि फ्रेंच राज्यक्रांत्यांनी आधुनिक जगाचा पाया कसा घातला ते स्पष्ट करण्यास सांगितले होते. सरावासाठी तो प्रश्न उत्तम आहे, कारण ‘आधुनिक जग’ म्हणजे काय हे आधी ठरवल्याशिवाय तो सुटत नाही.

पुष्कळांची सुरुवात अशी होते : ‘अमेरिकन व फ्रेंच राज्यक्रांत्या या जगाच्या इतिहासातील अत्यंत महत्त्वाच्या व दूरगामी परिणाम करणाऱ्या घटना आहेत.’ या वाक्याने काहीच सांगितलेले नाही आणि अकरा मिनिटांतले अर्धे मिनिट गेले. त्याऐवजी असे लिहावे : ‘सत्तेचा उगम राजघराण्यात नसून लोकांत आहे, हे तत्त्व अमेरिकेने १७७६ मध्ये जाहीर केले आणि १७८७ मध्ये लिखित राज्यघटनेत उतरवले, फ्रान्सने १७८९ पासून तेच तत्त्व जन्मजात विशेषाधिकार मोडण्यापर्यंत नेले.’ येथे उत्तराची दिशा, दोन्ही देश आणि तीन वर्षे पहिल्याच वाक्यात आली. मधल्या भागात लिखित राज्यघटना, नागरिकत्व, धर्म आणि शासन यांची फारकत, सर्वांना एकच कायदा, असे तीन-चार आधार घ्यावेत आणि प्रत्येकाला एक ठोस उदाहरण जोडावे : अमेरिकेची १७९१ ची पहिली घटनादुरुस्ती, फ्रान्सची १८०४ ची नागरी संहिता, फ्रान्सने १७९५ मध्ये कायद्याने स्वीकारलेली मेट्रिक मापे. शेवटच्या दोन-तीन ओळींत या पायातील भेगा दाखवाव्यात, म्हणजे गुलामगिरी, मालमत्तेशी बांधलेला मताधिकार आणि स्त्रियांना वगळणे. फ्रान्समधील स्त्रियांना मताधिकार १९४४ मध्ये मिळाला, हा एक आकडा तेथे पुरेसा बोलका आहे.

प्रश्नातील क्रियापदाकडे लक्ष असावे. ‘स्पष्ट करा’ मध्ये कारण आणि परिणाम यांची साखळी हवी, ‘मूल्यमापन करा’ मध्ये शेवटी स्वतःचा कौल द्यावा लागतो आणि ‘चर्चा करा’ मध्ये दुसरी बाजू गाळता येत नाही. विद्यापीठाच्या दीर्घोत्तरी प्रश्नात जागा अधिक असते, परंतु ती पाल्हाळासाठी नसून अधिक पुराव्यांसाठी आहे. परदेशी नावांचे मराठी लेखन पुस्तकागणिक वेगळे असते. रोबेस्पियर की रॉबेस्पिएर यावर वेळ घालवू नये, एक रूप ठरवून संपूर्ण पेपरात तेच लिहावे. बहुपर्यायी परीक्षा असेल तर ‘कालानुक्रमे लावा’ या प्रकारासाठी एका वर्षाच्या आतल्या घटनांचा क्रम पक्का करावा, कारण पर्याय अनेकदा १७८९ किंवा १९१७ च्याच चार घटनांतून घडवलेले असतात.

शेवटच्या आठवड्यात नवे पुस्तक हाती घेऊ नये. रोज सकाळी एका क्रांतीचा कोरा कागद भरावा, आणि संध्याकाळी घड्याळ लावून दोन उत्तरे पूर्ण वाक्यांत लिहावीत. मनातल्या मनात मुद्दे मोजून उत्तर झाले असे समजू नये, कारण मुद्द्यांना जोडणारे वाक्यच आयत्या वेळी सुचत नाही. लिहिलेले उत्तर दुसऱ्या दिवशी वाचताना लाल पेनाने दोन गोष्टी खोडाव्यात : ज्या वाक्यातील देशाचे नाव बदलले तरी ते तितकेच खरे राहते ते प्रत्येक वाक्य, आणि ज्या तारखेचा पुढच्या वाक्याशी संबंध नाही ती प्रत्येक तारीख. जे उरेल ते मोजावे. पहिल्या दिवशी २५० शब्दांतले शंभरही उरत नाहीत, आणि रिकामी झालेली जागा वळणांच्या कागदावरून भरून तेच उत्तर पुन्हा लिहावे.